बाबा, त्या जाहिरातींवर क्लिक करू नका

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला घेतलं की आई मध्येच ‘जेवलीस का’ विचारते आणि विषय बांगड्यांच्या भावावर जातो. शिवाय कागदावर असलं की बाबांना चष्मा लावून दोनदा वाचता येतं. म्हणून पत्र.

वेर्ण्याची नोकरी मी सोडली. राजीनामा दिलाय, नोटिशीचे दिवस संपत आलेत, पुढच्या महिन्यापासून गोव्याच्या जेवणावर आणि सणांवर लिहिते ती वेबसाइट हेच माझं काम. (आई, आधी खाली बस आणि पाणी पी. कुणाशी भांडण झालेलं नाही, मला कुणी काढलेलं नाही, तब्येत ठणठणीत आहे.) तुम्हाला आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही ‘नको’ म्हटलंच नसतं. ‘तुला बरं वाटेल ते कर’ म्हणून फोन ठेवला असता आणि मग दोघंही रात्रभर एकमेकांना कळू न देता जागे राहिला असता. ते मला मडगावात बसून दिसलं असतं आणि माझ्या हातून राजीनामा लिहून झाला नसता.

बाबा, गणेश चवथीला तुम्ही विचारलं होतं, ‘लोक फुकट वाचतात, मग पैसे देतं कोण?’ तेवढ्यात आरती सुरू झाली आणि उत्तर राहिलं ते राहिलंच. तुमचं सकाळचं वर्तमानपत्रच घ्या. त्यासाठी तुम्ही मोजता तेवढ्या रुपयांत कागद आणि छपाईचाही खर्च निघत नाही; पेपर चालतो तो शेवटच्या पानावरच्या सोनारांवर आणि फ्लॅटवाल्यांवर. माझंही तेच आहे. फक्त मला जाहिराती मागत दुकानोदुकानी फिरावं लागत नाही. पानावर जागा मोकळी सोडायची, ती गूगल भरतं. त्या व्यवस्थेला अ‍ॅडसेन्स म्हणतात, 2003 पासून चालू आहे. कुणी माझं पान उघडलं की ते पुरतं दिसायच्या आत त्या जागेचा लिलाव होतो, ज्याची बोली वर त्याची जाहिरात बसते. जाहिरातदाराने मोजलेल्या 100 रुपयांतले साधारण 68 माझ्याकडे येतात. पूर्वी जाहिरातीवर कुणी क्लिक केलं तरच बहुतेक पैसे मिळायचे. 2024 पासून ती नुसती दिसली याचे मिळतात, दर हजारामागे अमुक डॉलर अशा हिशेबाने.

आता नीट ऐका. दादाने फॅमिली ग्रुपवर ‘सगळ्यांनी मनूच्या साइटवर जाऊन रोज जाहिराती दाबा’ असं टाकलंय. त्यात त्याची माया आहे, पण ती माया मला बुडवील. ओळखीच्या लोकांनी मुद्दाम केलेले क्लिक गूगलच्या यंत्राला ओळखू येतात. ते पैसे कापून घेतातच, वर खातं कायमचं बंद करू शकतात, आणि एकदा बंद झालं की अपील करता येतं, पण खातं परत मिळेलच असं नाही. तेव्हा बाबा, एकही क्लिक नाही. कौतुकाने नाही, चुकूनही नाही. आतेलाही सांगा. तुम्ही नुसतं वाचलंत तरी मला पुरे.

या जाहिरातींनी एक काम मात्र चांगलं केलं. गेल्या रविवारी तुम्ही तक्रार केलीत, ‘तुझ्या खतखत्याच्या पानावर सारखा गुडघ्याचा पट्टा काय दाखवतात?’ बाबा, खतखत्यातल्या भाज्यांचा आणि गुडघ्याचा संबंध नाही. कोणाला कोणती जाहिरात दिसावी हे मी ठरवत नाही. जो बघतो त्याने आधी काय शोधलं, काय पाहिलं, त्यावरून बरंचसं ठरतं. माझ्या फोनवर त्याच पानावर कुकर दिसतात, दादाला गाडीचे टायर. तुम्हाला पट्टा दिसतोय म्हणजे तुम्ही पट्टा शोधत होता. आणि माझ्याशी बोलताना म्हणता, ‘मला काय झालंय, रोज देवळापर्यंत चालत जातो.’ आईला विचारलं तर ती म्हणाली, हल्ली तुम्ही देवळाच्या पायऱ्या चढतच नाही, खालूनच हात जोडता. यावर पुढे लिहिते, सुटका नाही.

आणि हो, आईने ज्या रमीच्या जाहिरातीवरून दोन दिवस अबोला धरला होता, ती मी बंद केलीय. जाहिरातींचे काही प्रकार नाकारता येतात. पत्ते, सट्टा, लग्न जुळवणारे हे सगळे मी काढले. उत्पन्न थोडं घटतं, घटू दे. आईच्या मुगागाठींच्या पाककृतीशेजारी पत्त्यांचा डाव मलाही बघवला नसता.

पैसे किती, हे आई विचारणार नाही आणि बाबा मनात मोजत बसतील. गेलं वर्षभर सरासरीने वेर्ण्याच्या पगाराच्या पाऊणपट पडतायत. पण सरासरीनेच. हे पैसे पगारासारखे 1 तारखेला येत नाहीत. एका महिन्याची कमाई पुढच्या महिन्यात पक्की होते आणि 21 ते 26 तारखेच्या दरम्यान सिंगापूरहून बँकेत येते, तीही खात्यात 100 डॉलर साठले असतील तरच. श्रावणापासून चवथीपर्यंत वाचक तुटून पडतात. दसरा-दिवाळीपासून डिसेंबरपर्यंत जाहिरातदार हात मोकळा सोडतात. जानेवारीत सगळं एकदम खाली येतं. दुबईत किंवा लंडनमध्ये बसलेल्या आपल्या गोयकाराने पान उघडलं तर डिचोलीतल्या वाचकापेक्षा कितीतरी जास्त मिळतात, कारण तिथल्या जाहिरातदाराची बोलीच मोठी असते. म्हणून मी बेत असा केलाय की चांगल्या महिन्यातलं निम्मं बाजूला ठेवायचं आणि वाईट महिन्यात त्यातूनच पगार घ्यायचा. वर्षभराचा खर्च आधीच वेगळ्या खात्यात टाकलाय. पीएफला हात लावणार नाही. तुमच्या पेन्शनकडे तर बघणारही नाही, आईने डब्यात लपवून पाठवले तरी परत पाठवीन. जीएसटीची नोंदणी 20 लाखांपर्यंत लागत नाही. तिथे पोचले तर तुम्हालाच हिशेबनीस नेमीन.

धोका आहे, नाही कशाला म्हणू? 2024 च्या ऑगस्टपासून आपल्याकडेही गूगल बऱ्याच प्रश्नांची उत्तरं स्वतःच वर लिहून दाखवू लागलंय. ‘पातोळ्यांना कोणतं पान’ विचारलं की ‘हळदीचं’ एवढं तिथेच मिळतं, माझ्या पानावर यायची गरजच उरत नाही. असले झटपट विषय मी सोडतेय. गणपतीवर रानफळांची बांधतो त्या माटोळीचं, बाबांनी सांगितलेलं पान मात्र तसंच वाढतंय. कवंडळं कुठल्या दिवसांत मिळतात, कांगलां बांधताना देठ किती ठेवायचा, घागऱ्या कुठल्या माळावर, तोरिंग आधी बांधायचं की शेवटी, हे यंत्राला कुठून कळणार? ते तुमच्या डोक्यात आहे आणि आता माझ्या पानावर. सबंध साइटवर सगळ्यात जास्त वाचलं जातं ते हेच पान. लोक त्यावर रेंगाळतात, खाली-वर करतात, फोटो मोठे करून बघतात.

बाबा, पुढचं वाक्य वाईट वाटून घेऊ नका, तसं वाटावं म्हणून लिहीत नाही. ‘कायमची नोकरी’ म्हणून तुम्ही मला वेर्ण्याला सोडायला आलात तेव्हा केवढे खूश होता. पण 2012 ची चवथ आपल्या घरात सगळ्यांना आठवते. आठ-दहा दिवस आधी गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. तुमच्या ऑफिसात तुमच्याइतका कामाचा माणूस नव्हता, तरी झाल्या. मग सावरतोय तोवर 2018 चा मार्च. तुमचं काही चुकलं नव्हतं, तुमच्या टेबलावरचा कागद कधी उद्यावर गेला नव्हता. तेव्हा तुम्ही गाडीवाल्या काकांना म्हणाला होता, ‘एका दारावर घर टेकवू नये.’ मी आतल्या खोलीत अभ्यासाचं नाटक करत ऐकलं होतं. मीही आता गूगलच्या एका दारावर टेकत नाहीये. डिचोलीच्या एक बाई मसाले करतात, त्यांनी महिन्याला ठरावीक रक्कम देऊन थेट माझ्याकडून जागा घेतलीय. ‘जाहिरात’ असं वर स्पष्ट लिहूनच लावते. आणखी दोघांशी बोलणं चालू आहे.

आता आईचा प्रश्न. तो मला इथून ऐकू येतोय: ‘काम कुठूनही होतं म्हणतेस, मग घरीच का नाही येत?’

येतेय, अर्धी. शुक्रवारी संध्याकाळी साखळीला आपल्या घरी, सोमवारी सकाळी परत. मडगावची खोली ठेवतेय. इथे नेट बरं आहे, बाजार जवळ आहे, फोटोसाठी उजेड चांगला पडतो, घरमालकीण चांगली आहे, भाडं वाढवलेलं नाही. एवढी कारणं दिली म्हणजे खरं कारण वेगळं आहे हे तू ओळखलंच असशील. आई, तुझ्या घरात मी लॅपटॉप उघडला की तू सोलकढी आणतेस, मग फणसाचे गरे, मग डोक्याला तेल. बाबा दारातून दोनदा बघून जातात, ‘अजून संपलं नाही?’ मला ते सगळं इतकं हवंसं वाटतं की चार ओळींच्या पुढे काम सरकत नाही. तीन दिवस लाड, चार दिवस काम, एवढं मला करू दे.

जेवणाची काळजी करू नकोस. मी घरी शिजवते, खरंच. नाष्टा चुकवत नाही. शेजारच्या खोलीतली मुलगी काणकोणची आहे, ती आणि मी एक दिवसाआड मासे आणतो. रात्री जागत नाही (फार). पंखा नवा घेतलाय. पावसात कपडे वाळत नाहीत ही एकच अडचण, त्यावर तुझ्याकडेही उपाय नाही.

खतखत्याचं पान तू अजून शेवटपर्यंत वाचलं नाहीस, मला माहीत आहे. लाजतेस. त्यात मी लिहिलंय की तेफळं किती घालायची हे तू मापाने कधी सांगितलंच नाहीस, तळहातावर घेऊन मला हुंगायला लावायचीस आणि म्हणायचीस, ‘नाक सांगेल.’ मी ओट्याला टेकून उभी, माझी हनुवटी जेमतेम ओट्याला लागायची, आणि तू तेफळातली काळी बी काढून माझ्या हातात द्यायचीस, टाकून ये म्हणून. मी ती फ्रॉकच्या खिशात साठवायचे. त्या पानाखाली मस्कतहून एका काकूंनी लिहिलंय की वाचून त्यांनी आईला फोन केला. त्यांना तुझ्या वतीने नमस्कार कळवलाय. तुझं नाव कुठेच घातलेलं नाही, ‘आमची आई’ एवढंच आहे, तेव्हा शेजारी कुणी विचारलं तर घाबरू नकोस.

आता सूचना. दोघांनीही मुकाट ऐकायच्या.

कंपनीचा गटविमा माझ्याबरोबर संपतोय, त्यात तुम्ही दोघं होता. ती पॉलिसी त्याच विमा कंपनीकडे तुमच्या नावावर करून घेतली, पहिला हप्ता भरलाय. कागद आल्यावर कपाटात, आधारच्या पिशवीत. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं कार्डही त्याच पिशवीत असू द्या आणि त्याचं नूतनीकरण या महिन्यात करून घ्या. अडीच लाखांचं संरक्षण आहे त्यात, निव्वळ आळसाने घालवू नका.

बाबा, पट्टा मागवायचा नाही. पुढच्या आठवड्यात बांबोळीला हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचंय, मी रजा घेतलीय. रजा घ्यायची ही शेवटची संधी आहे, ती वाया घालवू नका. कदंबाच्या बसने जायचं नाही, मी गाडी सांगितलीय. जुने एक्स-रे गादीखाली ठेवू नका, वाकतात. आई, तुझी थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, चहाच्या आधी, चहाबरोबर नाही. साखर तपासून वहीत लिहायची. मनात ठेवायची नाही.

कुणी फोन करून ‘तुमच्या मुलीचे वेबसाइटचे पैसे अडकलेत, ओटीपी सांगा’ म्हणालं तर फोन ठेवून द्या. गूगल तुम्हाला फोन करत नाही. गूगलने मागे आपल्या घरी टपालाने पाठवलं होतं ते एवढंच, सहा आकड्यांचा कोड असलेलं पाकीट, पत्ता खरा आहे ना हे बघायला. तुम्ही ते ‘कसलं तरी क्रेडिट कार्ड’ म्हणून देवघराच्या फळीवर तीन आठवडे ठेवलं होतंत, आठवतं? आता असलं काही आलं तर लगेच फोन करा, फाडू नका, आणि फळीवर तर मुळीच ठेवू नका.

शुक्रवारी येतेच आहे. मासे आणू नका, मी आणीन.

तुमची,
मनू

ता. क. आतेला सांगताना ‘नोकरी सोडली’ असं म्हणू नका, ‘आता घरून काम करते’ म्हणा. शुक्रवार ते सोमवार तरी ते खरंच असणार आहे. आणि तिचा फोन आला की आधी क्लिकचं सांगा, बाकीचं मग.