मेडिकलची तपासणी संध्याकाळी सातनंतर करा

मा. मंत्री महोदय,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी सोलापुरातला नोंदणीकृत फार्मासिस्ट. माझं स्वतःचं मेडिकल आहे, म्हणजे ड्रग इन्स्पेक्टर ज्यांच्याकडे येतात त्यांच्यातलाच एक. तपासणी नको, असं म्हणायला लिहीत नाही. ती भलत्या वेळी होते, हे सांगायचं आहे.

चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायचं, असं १९४५ च्या औषध नियमांतला नियम ६५ सांगतो. प्रत्यक्षात काही दुकानांत फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर आणि माणूस दुसरीकडे नोकरीला. सर्टिफिकेटचं भाडं महिन्याचं महिन्याला पोहोचतं. धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुपारी साहेब येताहेत म्हटलं की फोन फिरतात आणि माणूस काउंटरवर हजर होतो.

खरी गर्दी संध्याकाळची. विडी कामगारांच्या विडी घरकुल वसाहतीत किंवा अशोक चौकाकडे सातनंतर बघा. दिवसभर वळलेल्या विड्या देऊन आलेली बाई म्हणते, "दोन दिवसांच्याच द्या." हातात पैसे तेवढेच. काउंटरवरचा पोरगा अँटिबायोटिकच्या दहाच्या स्ट्रिपमधून चार गोळ्या कापून देतो. डोस पूर्ण करा, हे सांगायला कुणी नाही. त्यातून कात्री चालते ती बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापलेल्या बाजूने. उरलेल्या सहा गोळ्या बिनतारखेच्या, त्या पुढच्या गिऱ्हाइकाला.

एच-वन रजिस्टरचंही तेच. टीबीची औषधं आणि वरच्या दर्जाची अँटिबायोटिक्स यांची नोंद त्यात करणं २०१४ पासून सक्तीचं आहे. डॉक्टर, रुग्ण, औषध, संख्या, सगळं लिहून तीन वर्षं जपायचं. पण महिनाभराच्या नोंदी एका बैठकीत, एकाच पेनने उतरवलेल्या असतील तर त्या कागदाला काय अर्थ? इन्स्पेक्टरांनी रजिस्टर नुसतं पाहू नये, होलसेलरची बिलं आणि शिल्लक माल त्याच्याशी ताडून पाहावा. अर्ध्या तासात पितळ उघडं पडतं.

आणि फ्रिज. इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात. सोलापूरचा मे महिना चाळिशीच्या वर. काही दुकानदार रात्री शटर ओढताना मेन स्विचच बंद करतात, त्यात फ्रिजही गेला. सकाळी पुन्हा थंड. हात लावून कळत नाही, साखर मात्र उतरत नाही. तापमानाची रोजची नोंद मागा, थर्मामीटर आत आहे का बघा.

प्रत्येक दुकान वर्षातून एकदा तरी तपासावं, असं नियम ५१ म्हणतो. इन्स्पेक्टर मोजके, दुकानं गल्लोगल्ली. ही अडचण कळते. म्हणून पदं वाढवा, आणि तोवर निम्म्या फेऱ्या तरी संध्याकाळी, न कळवता ठेवा. फ्रिज, कापलेल्या स्ट्रिपा अशा चुकांना सुधारायला मुदत द्या, समजावून सांगा, बरेचजण ऐकतील. भाड्याच्या सर्टिफिकेटला मात्र मुदत नको. तिथे दुकानाच्या लायसन्सबरोबर सर्टिफिकेट देणाऱ्याचं प्रकरणही फार्मासिस्टांची नोंदणी करणाऱ्या राज्य फार्मसी कौन्सिलकडे जाऊ द्या. आमच्यातले काही रागावतील, रागावू देत.

आपला,
एक फार्मासिस्ट, सोलापूर