फील्डवर्कमध्ये शिकवणाऱ्या सगळ्यांचे आभार

समाजकार्याची इंटर्नशिप संपली. ज्यांनी आपल्या आयुष्यातलं इतकं काही विश्वासाने सांगितलं, त्या सर्वांचे मनापासून आभार. नावं लिहीत नाही, कारण गोपनीयता या कामाचा पायाच आहे.

सांकेतिक भाषेच्या दुभाषी ताई, तुम्ही मुलाखतीआधीच बजावलंत, "माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघून बोलायचं." मी तशी बसले आणि समोरच्या कर्णबधिर बाई खरोखर माझ्याशी बोलल्या, अगदी डोळ्यांत बघून.

फॉर्म भरताना एका तृतीयपंथी ताईंनी विचारलं, "कागदावरचं नाव सांगू की माझं?" तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी विचारते, तुम्हाला काय म्हणून हाक मारू? ताई, ही सवय तुमच्यामुळे लागली.

फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ साली मांडलेल्या केसवर्कच्या, म्हणजे एकेका व्यक्तीसोबतच्या समाजकार्याच्या, सात तत्त्वांत सेवार्थीचा स्वयंनिर्णय येतो, म्हणजे मदत घेणाऱ्याचा स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याचा हक्क. परीक्षेत तो चार ओळींत लिहून होतो. पण रस्त्यावर राहणाऱ्या एका काकांनी निवाऱ्यात यायला साफ नकार दिला, कारण तिथे त्यांच्या कुत्र्याला जागा नव्हती. आमच्या सुपरवायझर मॅडमनी त्यांचं मन वळवायला मला पाठवलं नाही. कुत्र्यासकट सोय कुठे होईल, ते शोधायला लावलं. मला वाटतं, माझं खरं प्रशिक्षण त्या शोधाशोधीतच झालं. काका, मॅडम, तुम्हा दोघांचे ऋण मोठे आहेत.

आणि अपुरी कागदपत्रं बघूनही कुणाला परत न पाठवता, काय कमी आहे ते शांतपणे समजावणारे खिडकीपलीकडचे दादा, तुमचेही खूप खूप आभार.