मागे कोण उभे आहे

पुणे,
रविवार सकाळ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र बुधवारी मिळाले. गेल्या भेटीत दुकानांतील गर्दीवर आणि रस्त्यावरील गाडीवाल्यांवर मी तासभर जो राग काढला, त्याला तू दिलेले उत्तर वाचून आधी हसू आले आणि मग थोडे ओशाळल्यासारखेही झाले. 'तुला घाई आहे म्हणून जगाने पळायचे का?' असे तू विचारतोस. आणि स्वतः मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर साठच्या पुढे काटा जाऊ देत नसल्यामुळे माझा सारा रोख तुझ्यावरच असावा, असा संशयही व्यक्त करतोस. तो आधी दूर करतो. तू हळू चालवतोस हे खरे, पण ट्रकांच्या मागोमाग डाव्या लेनमधून चालवतोस, आरशात पाहत असतोस, आणि कोणी डिपर दिला तर त्याला शिव्या न घालता वाट देतोस. तुझ्या साठच्या वेगाचा मला आजवर कधी त्रास झालेला नाही. (गाडीत तुझ्या शेजारी बसावे लागते तेव्हाची गोष्ट वेगळी.)

माझी तक्रार संथपणाबद्दल नाहीच, आणि हे मला एका आजोबांमुळे कळले. महिन्यापूर्वी मी कर्वे रस्त्याच्या बाजूला एका मोठ्या किराणा दुकानात रांगेत उभा होतो. माझ्या पुढे ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ होते. त्यांचा हात कापत होता आणि त्यांनी सुट्टे पैसे एका छोट्या कापडी पिशवीत आणले होते. त्यांचा नंबर यायला दोघे बाकी असतानाच ते मागे वळून म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मला वेळ लागेल." मी अर्थातच नाही म्हणालो. त्यांना खरोखरच वेळ लागला, दोनदा नाणी मोजावी लागली, एक नाणे खाली घरंगळले ते कोणीतरी उचलून दिले, आणि एवढ्या वेळात रांगेतल्या एकानेही घड्याळाकडे पाहिले नाही. आपल्यामुळे माणसे थांबली आहेत हे त्या आजोबांना ठाऊक होते. आमच्यासाठी तेवढे पुरेसे होते.

आता त्याच दुकानातला पुढच्या शनिवारचा प्रसंग ऐक. पुढे एक धडधाकट, चाळिशीचा माणूस. आधी त्याने अर्धी भरलेली ट्रॉली रांगेत उभी करून नंबर लावला आणि स्वतः उरलेले सामान आणायला गेला. रांग सरकली तशी ती बेवारस ट्रॉली मीच पायाने पुढे ढकलत राहिलो. तो परतला, सामान यंत्रावरून जाऊ लागले, आणि निम्म्यावर त्याला तूरडाळ आठवली. डाळ आली. काउंटरवरच्या मुलीने रक्कम सांगितली, आणि पैसे द्यावे लागतात ही बातमी त्याला प्रथमच कळली असावी अशा चेहऱ्याने त्याने खिसे चाचपायला सुरुवात केली. फोन सापडला, त्याला रेंज नव्हती. मग कार्ड, मग त्याचा पिन आठवणे. ती मुलगी एकटीच पिशव्या भरत असताना हा हाताची घडी घालून उभा. शेवटी जागचे न हलता त्याने बिल ओळीने वाचायला घेतले. बिल तपासावे, जरूर तपासावे, पण दोन पावले बाजूला होऊन तपासले तर त्यातले आकडे बदलत नाहीत. त्याच्या मागे आम्ही सात जण होतो. त्याने खाल्लेली चार मिनिटे त्याच्या लेखी चारच असतील. आमच्याकडून मात्र प्रत्येकी चार, म्हणजे एकूण अठ्ठावीस मिनिटे गेली.

तू म्हणशील, अर्ध्या तासाने कोणाचे काय बिघडते? दुकानात फारसे बिघडत नाही हे मान्य. रस्त्यावर मात्र हाच हिशेब निराळ्या रीतीने वाढत जातो. जपानमध्ये युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, तो मी तुला मागे सांगितला होता की नाही, आठवत नाही. २३० मीटर परिघाच्या एका वर्तुळाकार मार्गावर त्यांनी २२ गाड्या सोडल्या आणि सर्वांना ताशी ३० किलोमीटरच्या आसपास एकसारख्या वेगाने चालवायला सांगितले. सिग्नल नाही, खड्डा नाही, आडवे येणारे कोणी नाही. तरी थोड्याच वेळात वाहतूक तुंबली. कोणीतरी किंचित वेग कमी केला, मागच्याने सावधपणे त्याहून जास्त केला, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, आणि काही गाड्या चक्क थांबल्या. तो खोळंबा पुढे न जाता ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने मागे मागे सरकत गेला. यातली मला अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की ज्याच्यापासून हे सुरू होते तो कधीच निघून गेलेला असतो. आपल्या मागे काय झाले हे त्याला कळतही नाही.

जिथे सर्वजण नीट चालवण्याचा प्रयत्न करत होते तिथे ही गत; मग आपल्या लक्ष्मी रस्त्याचे काय सांगावे? चारही इंडिकेटर लुकलुकते ठेवले की गाडी कुठेही उभी करण्याचा परवाना मिळतो, असा आपल्याकडे दृढ समज आहे. आधीच कडेला गाड्यांची रांग, तिच्या बाजूला हा दुसरी गाडी लावणार, बायको साडीला फॉल लावायला टाकून येईपर्यंत काच वर करून आत बसणार, मागे पीएमपीची बस अडकणार, बसमागे रिक्षा आणि त्यांच्यामागे शंभर दुचाक्या. काचेवर टकटक केले की उत्तर ठरलेले: "दोनच मिनिटं." हाच माणूस पुढच्या चौकात पहिला लाल दिवा लागला, की सिग्नलचे आकडे तीनवर येताच हॉर्न वाजवायला लागतो. त्याला वेळेची किंमत नाही असे कसे म्हणू? फक्त ती स्वतःच्याच वेळेची आहे.

द्रुतगती मार्गावर तर नियम फलकांवर लिहून ठेवलेला आहे: डावी लेन अवजड वाहनांना, मधली हलक्या वाहनांना, उजवी फक्त ओव्हरटेक करण्यासाठी. तरीही उजव्या लेनमध्ये ऐंशीच्या वेगाने, फोनवर बोलत, तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत ठाण मांडून बसलेला एखादा भेटतोच. सपाट भागात मोटारींना शंभरची मर्यादा असल्यामुळे मागचे वैतागतात, मग डावीकडून काढतात, आणि दोन ट्रकांमधल्या फटीत शिरतात. जीव जातो तो डावीकडून काढणाऱ्याचा, आणि चूकही त्याचीच धरली जाते. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपये दंड होऊ शकतो. परंतु आरशात न पाहणाऱ्याला मागे रुग्णवाहिका आहे हे दिसणार तरी कसे?

असो. रस्त्यापुरता तू निर्दोष आहेस, हे लेखी देतो. मात्र दुकानाबद्दल मी तसे काही लिहून देणार नाही. गेल्या दिवाळीत बाकरवडीच्या रांगेत आपण पंचवीस मिनिटे उभे होतो, आणि आपला नंबर आल्यावर तू घरी फोन लावून "अर्धा किलो आणू की एक किलो?" असे विचारलेस; वहिनी आंघोळीला गेल्या होत्या, म्हणून फोन धरून थांबलास. त्या वेळी मी तुझ्यापासून चार पावले मागे सरकून भिंतीवरचा भावफलक वाचू लागलो होतो, ते तुझ्याशी ओळख नसल्यासारखे दिसावे म्हणूनच.

यंदा येशील तेव्हा यादी घरूनच लिहून आण. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मित्र