किलोला 24 रुपयांचा दिलासा नेमका कोणाला? ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

सप्टेंबर 2025 च्या सुरुवातीला तुम्ही दिल्लीत सरकारी कांद्याच्या गाड्यांना झेंडा दाखवलात. किलोला 24 रुपये. बातमी आम्हीही पाहिली. त्याच आठवड्यात मी कांदा साठवायची चाळ फोडली. एप्रिलात भरलेला माल, तिसरा हिस्सा सडलेला, उरलेल्याला कोंब. आई आणि बायको दिवसभर निवडत बसल्या. लिलावात पुकारा झाला नऊशे रुपये क्विंटल. हमाली, तोलाई, ट्रॅक्टरचं भाडं कापून पट्टीवर (विक्रीच्या हिशेबाच्या पावतीवर) जो आकडा उरला, त्यात गावच्या सोसायटीच्या पीककर्जाचं व्याजसुद्धा निघत नाही. भाव आधीच पडलेले असताना बफरचा, म्हणजे सरकारने खरेदी करून साठवलेला कांदा बाहेर काढायची घाई कशासाठी होती?

ही काही पहिली वेळ नाही. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क लावलंत, डिसेंबरात थेट बंदी. ती 31 मार्चला संपणार होती, तर आठवडाभर आधी बेमुदत वाढवलीत. मधल्या काळात गुजरातच्या 2000 टन पांढऱ्या कांद्याला मात्र वाट मोकळी! आमच्या लाल कांद्याने काय पाप केलं होतं? बंदी उठली 4 मे 2024 ला, आमचं मतदान होतं 20 तारखेला. आमच्या दिंडोरी लोकसभा मतदारसंघात आम्ही केंद्रातल्या राज्यमंत्र्यांना पाडलं. पण मत पाच वर्षांतून एकदा देता येतं, टीव्ही रोज बोलतो.

आणि तो बोलतो कोणासाठी? किरकोळ भाव चढला की कॅमेरे मंडईत धावतात. फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूर बाजारात 512 किलो कांदा विकून बार्शीच्या शेतकऱ्याला 2 रुपयांचा चेक मिळाला. त्याची बातमी झाली, धोरण तसूभर हललं नाही. नेटवर्क18 रिलायन्सकडे, एनडीटीव्ही 2022 पासून अदानींकडे, आणि वर सरकारी जाहिराती. 2019 मध्ये कंपन्यांचा कर 30 वरून 22 टक्क्यांवर आणलात, सरकारच्याच अंदाजाने वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींवर पाणी. तेव्हा चर्चा गुंतवणुकीची. आमची कर्जमाफी निघाली की लगेच तिजोरीची काळजी. वरच्या एक टक्का लोकांकडे देशाची 40 टक्के संपत्ती आहे, हे विषमतेचा अभ्यास करणाऱ्या वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब या संस्थेचं गणित रात्री नऊच्या चर्चेत किती वेळा घेतलं गेलं? ज्यांच्या हातात पैसा त्यांच्याच हातात माइक असेल, तर आमचं गाऱ्हाणं तुमच्यापर्यंत येणार कुठून?

दिवाळीनंतर आम्ही उन्हाळी कांद्याचं बी टाकतो. त्याआधी वर्षभराचं निर्यात धोरण लेखी जाहीर करा. घाऊक भाव उत्पादन खर्चाच्या खाली असताना बफरचा एक किलोही बाजारात सोडू नका. आणि बफरसाठी कांदा कोणाकडून, कोणत्या भावाने घेतला, ती यादी प्रत्येक बाजार समितीच्या फलकावर लावा. तिच्यात शेतकरी किती आणि व्यापारी किती, ते आम्ही गावात बसून सांगू.

आपला,
एक कांदा उत्पादक, ता. निफाड, जि. नाशिक