वॉरंटी फेब्रुवारीत संपते आहे

पुणे,
१४ डिसेंबर २०२५

चि. अनिकेत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू घाईत होतास, म्हणून मी विषय वाढवला नाही. तुझ्या मर्सिडीजची तीन वर्षांची मूळ वॉरंटी येत्या फेब्रुवारीत संपते आहे, शोरूममधून सारखे फोन येत आहेत आणि आणखी दोन वर्षांच्या वाढीव वॉरंटीसाठी सव्वादोन लाखांच्या घरातली रक्कम भरावी की नाही यावर तुझे आणि रेवतीचे एकमत होत नाही, एवढे माझ्या लक्षात आले. तिच्या मते हे पैसे पाण्यात जाणार. तुझ्या मते एवढ्या महागड्या गाडीला वॉरंटी हवीच. विमा कंपनीच्या मोटार दाव्यांच्या विभागात माझी सगळी नोकरी गेली, मोठ्या गाड्यांची एस्टिमेट्स मी डोळ्यांखालून घातली आहेत, तेव्हा या बाबतीत जे मला ठाऊक आहे ते नीट लिहून कळवते.

रेवतीचे म्हणणे हिशेबाने चुकीचे नाही. वॉरंटी विकणारा तोट्यात विकत नाही. तू भरशील त्या रकमेत शोरूमचे कमिशन असते, कंपनीचा नफा असतो आणि वर १८ टक्के जीएसटी असतो. त्यामुळे सगळ्या ग्राहकांचा मिळून विचार केला तर भरलेल्या पैशांपेक्षा पदरात पडलेली दुरुस्ती कमीच भरणार. आम्हीही विमा याच गणितावर विकत होतो. म्हणून ‘यात फायदा होईल का’ असे विचारण्यात अर्थ नाही. वर्कशॉपने उद्या साडेतीन-चार लाखांचे एस्टिमेट हातात ठेवले तर ते पैसे कुठून उभे करशील, हे विचारायला हवे. सव्वादोन लाख म्हणजे दोन वर्षांत महिन्याला सुमारे साडेनऊ हजार रुपये. तेवढी रक्कम दर महिन्याला गाडीच्या नावाने बाजूला टाकण्याची आणि तिला हात न लावण्याची ज्याची तयारी आहे, त्याने वॉरंटी न घेणे शहाणपणाचे ठरू शकते. पण ठाण्याच्या घराचा हप्ता आणि रेवतीच्या क्लिनिकचे कर्ज चालू असताना तुमच्याकडून ते होईल असे मला वाटत नाही, आणि हे मी टोचून बोलत नाही.

आता गाडीचे. इंजिन बंद पडेल ही लोकांना सर्वांत मोठी भीती असते. पण चार-पाच वर्षे झालेल्या, वेळेवर सर्व्हिसिंग झालेल्या गाडीचे इंजिन सहसा दगा देत नाही. खर्च निघतो तो भोवतालच्या गोष्टींत. तुझ्या गाडीला एअर सस्पेन्शन आहे, म्हणजे लोखंडी स्प्रिंगच्या जागी हवेने फुगलेले रबरी फुगे आहेत. रबर उन्हापावसाने कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात आणि हवा हळूहळू गळू लागते. सकाळी गाडी एका कोपऱ्यात खाली बसलेली दिसते. सुरू केली की कॉम्प्रेसर हवा भरतो आणि ती पुन्हा सरळ उभी राहते, म्हणून मालक दुर्लक्ष करतो. तिकडे गळती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर नेमापेक्षा कितीतरी जास्त वेळ चालत राहतो, तापतो आणि काही महिन्यांत तोही जातो. एका फुग्याच्या दुरुस्तीच्या दोन दुरुस्त्या होतात. गाडी एका बाजूला कललेली दिसली किंवा डिस्प्लेवर इशारा आला, तर त्याच आठवड्यात वर्कशॉपमध्ये जॉबकार्ड, म्हणजे तक्रारीची आणि कामाची लेखी नोंद, उघडून घे. इशारा दिसत असतानाही गाडी चालवली म्हणून पुढचे नुकसान नाकारण्याची मुभा जवळजवळ प्रत्येक वॉरंटीच्या अटींत असते. याखेरीज अ‍ॅडॅप्टिव्ह हेडलाइट, टर्बो, बीएस-६ डिझेलची धुरातले प्रदूषण रोखणारी साधने म्हणजे नॉक्स सेन्सर आणि अ‍ॅडब्लूची यंत्रणा, मधला मोठा डिस्प्ले यांतले काहीही सुट्या भागांत दुरुस्त करण्याऐवजी वर्कशॉप अख्खे बदलूनच देते, आणि बिल फुगते ते तिथे.

‘पण आपला विमा आहे ना, झिरो डेपसकट’ (म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापणारे जादा कवच) असे तू म्हणालास, आणि नेमका इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. मोटार विम्यात गाडीचे जे नुकसान भरून मिळते ते अपघाती, बाहेरून झालेल्या आघाताचे. झीज, यांत्रिक बिघाड आणि विद्युत बिघाड हे पॉलिसीत स्पष्ट शब्दांत वगळलेले असतात. उलट वॉरंटी फक्त आतून झालेल्या बिघाडाला लागते. बाहेरून काही आदळले, पाणी शिरले, कोणी धक्का दिला, की ती हात वर करते. दोन कागद एकमेकांना पूरक आहेत असे वाटते खरे, परंतु दोहोंच्या मध्ये एक फट आहे आणि घोडबंदर रोडवर रोज गाडी चालवणारा माणूस त्या फटीत हमखास सापडतो.

एक उदाहरण सांगते, नाव-गाव सोडून. एका गृहस्थांची गाडी पावसाळ्यात खड्ड्यात जोरात आदळली. चार-पाच दिवस ती चालली आणि मग पुढची डावी बाजू खाली बसली. वर्कशॉपने लिहून दिले, ‘बाह्य आघात, वॉरंटीत बसत नाही’. आमच्या सर्व्हेअरने, म्हणजे विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणाऱ्याने, गाडी पाहिली तेव्हा ती आधीच उघडलेली होती, चाकाच्या रिमवर ओरखडा नव्हता, टायर शाबूत होता. त्याने लिहिले, ‘आघाताची खूण आढळत नाही, झीज’. दोघांचेही लिहिणे आपापल्या जागी बरोबर होते आणि बिल त्या गृहस्थांनी स्वतः भरले. खड्ड्यात आदळल्याबरोबर त्यांनी जागेवरच चाकाचे, टायरचे आणि रस्त्याचे फोटो काढले असते, त्याच दिवशी विमा कंपनीला कळवले असते आणि सर्व्हेअर येईपर्यंत वर्कशॉपला गाडी उघडू दिली नसती, तर तो दावा मंजूर होण्यासारखा होता. वॉरंटी घे वा न घे, एवढी सवय मात्र लावून घे. इंजिनात पाणी जाण्याचेही असेच आहे. तुंबलेल्या रस्त्यावरून गाडी नेताना सिलिंडरमध्ये पाणी गेले आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर ते वॉरंटीत तर बसत नाहीच, पण इंजिन प्रोटेक्ट हे जादा कवच नसेल तर साध्या विम्यातही वाद होतो. वॉरंटी घेतली म्हणून विम्यातले ते कवच काढून चार पैसे वाचवण्याचा विचार करू नकोस.

तुझ्याकडे दोन कोटेशन आली आहेत. एक गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या योजनेचे, दुसरे कुठल्या तरी त्रयस्थ कंपनीचे, जवळजवळ निम्म्या किमतीत. ते दुसरे तू पाठवलेस ते मी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले. पहिल्या पानावर इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, इलेक्ट्रॉनिक्स सगळे आहे. सातव्या पानावर ‘रबरी भाग, बुश, सील, होज व एअर बेलो’ (हेच ते हवेचे फुगे) वगळलेले आहेत, म्हणजे तुझ्या गाडीत ज्याची सर्वांत जास्त भीती आहे तेच बाहेर. पुढे प्रत्येक दाव्याला कमाल मर्यादा आहे, सगळ्या दाव्यांची मिळून वेगळी मर्यादा आहे, किलोमीटरची मर्यादा आहे आणि बिघाड शोधण्यासाठी गाडी उघडण्याची मजुरी दावा मंजूर झाला तरच मिळणार आहे. दावा नामंजूर झाला तर गाडी पुन्हा जोडण्याचेही पैसे तूच द्यायचे. निम्म्या किमतीत निम्मी वॉरंटीसुद्धा मिळत नाही, असे माझे मत झाले आहे. तो कागद बाजूला ठेव.

कंपनीच्या योजनेतही सगळे येत नाही, हे समजून पैसे भर. ब्रेक पॅड, डिस्क, वायपर, टायर हे झिजणारे भाग कोणीच देत नाही. ठाणे-मुलुंड असा थोडा थोडा पल्ला सतत मारून डिझेलचा पार्टिक्युलेट फिल्टर काजळीने भरला, तर तो ‘वापराचा दोष’ ठरू शकतो. त्यासाठी अधूनमधून गाडी मोकळ्या रस्त्यावर पळवणे हाच उपाय, आणि त्या निमित्ताने पुण्याला आलात तर आम्हाला आनंदच आहे. सनरूफचे मात्र विसरू नकोस. त्याच्या चारही कोपऱ्यांतून पाणी वाहून जाण्यासाठी बारीक नळ्या असतात. तुमच्या सोसायटीत गाडी गुलमोहोराखाली उभी असते आणि गुलमोहोराची ती इवलीशी पाने नळीच्या तोंडाशी साचून त्यांचा बोळा होतो. मग पावसाचे पाणी दरवाजाच्या पुढच्या खांबातून आत उतरते, कार्पेटच्या खाली मुरते, आणि तिथे वायरींचे जोड व कंट्रोल युनिट असतात. मालकाला आधी फक्त कुबट वास येतो. हा बिघाड कोणत्याही वॉरंटीत ‘देखभालीचा अभाव’ म्हणून नाकारला जाऊ शकतो. मेअखेरीस त्या नळ्या साफ करून घेऊन जॉबकार्डवर तशी नोंद करवून घेत जा.

शोरूममधल्या मुलाने तुला सांगितले की बाहेरच्या गॅरेजमध्ये गाडीला हात लावला तर सगळी वॉरंटी रद्द. हे सरसकट खरे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांवर मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू न देण्यावरून. आणि त्याच आदेशात असेही म्हटले होते की बाहेर काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालता येणार नाही, सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. प्रकरण पुढे अपिलांत गेले. तत्त्व म्हणून हे माहीत असू दे, परंतु वाढीव वॉरंटी हा पैसे मोजून घेतलेला स्वतंत्र करार आहे आणि त्यावर भांडत बसण्यापेक्षा ती दोन वर्षे गाडी अधिकृत वर्कशॉपमध्येच नेणे सोयीचे. वर्षाची सर्व्हिस किलोमीटर कमी झाले म्हणून पुढे ढकलू नकोस. ‘वर्ष किंवा ठरलेले किलोमीटर, जे आधी होईल ते’ या एका ओळीवर मी कितीतरी लोकांना अडलेले पाहिले आहे. डॅशकॅम तू बाहेरून बसवून घेतला आहेस, त्याची वायर फ्यूजबॉक्समधून काढली असेल तर तेवढे अधिकृत वर्कशॉपला दाखवून घे.

राहता राहिला प्रश्न गाडी किती वर्षे ठेवायची याचा, आणि माझ्या मते निर्णय त्यावरच आहे. पुढच्या वर्षी विकणार असशील तर दोन वर्षांची वॉरंटी घेण्यात अर्थ नाही. ती नव्या मालकाच्या नावावर होत असली तरी तू भरलेले सगळे पैसे किमतीत वसूल होत नाहीत. पण २२ सप्टेंबरपासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी व सेस मिळून ४५ ते ५० टक्क्यांच्या जागी सरळ ४० टक्के झाला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या आणि त्याबरोबर जुन्यांचे भावही उतरले. आता विकायला काढलीस तर मन खट्टू होईल असाच भाव येईल. तू स्वतःच म्हणालास की अजून चार वर्षे तरी ही गाडी बदलायची नाही. सुट्या भागांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला हे खरे, पण त्याने लाखांच्या बिलाचे हजार होत नाहीत.

तेव्हा माझे मत असे की कंपनीची वॉरंटी घ्यावी, दोन वर्षांचीच घ्यावी, आणि सोबत ते जे सर्व्हिस पॅकेज गळ्यात मारत आहेत ते घेऊ नये, कारण सर्व्हिसचा खर्च ठरलेला असतो आणि ठरलेल्या खर्चाचा विमा उतरवायचा नसतो. दोन वर्षांनंतर गाडीचा पुढचा विचार तेव्हाची परिस्थिती पाहून करू. रेवतीला हे पत्र वाचायला दे. तिचा आक्षेप किमतीवर आहे, आणि किमतीत घासाघीस करायला तिच्याइतके योग्य माणूस घरात दुसरे नाही. महिनाअखेरीला शोरूमला आपला आकडा गाठायचा असतो, तेव्हा तिने जावे.

पैसे भरण्याआधी संपूर्ण करार मागून घे, नुसते माहितीपत्रक नको. एअर सस्पेन्शनचे फुगे आणि कॉम्प्रेसर त्यात आहेत हे ईमेलवर लिहून घे. मुदत संपण्यापूर्वी, म्हणजे जानेवारीतच, गाडीची पूर्ण तपासणी करवून घे आणि जे काही निघेल ते मूळ वॉरंटीतच बदलून घे, नाहीतर पुढे ‘हा दोष आधीपासूनचा’ असा शेरा पडतो. दावा कधी नाकारलाच तर तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नकोस, नकाराचे कारण लेखी माग. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवतानाही तो कागद हाताशी लागतो.

बाबांची तब्येत ठीक आहे. बाळाला गोड पापा.

तुझी,
आई

ता. क. उंदरांनी कुरतडलेली वायर वॉरंटीत येत नाही आणि विम्यात येते की नाही ते पॉलिसीगणिक बदलते. तुमच्या बेसमेंटमध्ये उंदीर आहेत असे रेवती म्हणत होती. या रविवारी बॉनेट उघडून पाहा आणि पॉलिसीची प्रत मला पाठव.