पक्षी खाईपर्यंत मुलांना थांबू द्या

महोदय,

शाळांच्या निसर्गसहलींत नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठावर मुलं छापील यादीवर भराभर खुणा करत जातात आणि पक्षी बघायचा राहूनच जातो. आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं, म्हणून हे फार लागतं.

चरकसंहितेत पक्ष्यांचे गट त्यांच्या खाण्यावरून पाडले आहेत. पायांनी उकरून, विखरून टिपणारे ते विष्किर: तित्तिर, लावा, मोर, कोंबडा. चोचीने टोचून खाणारे ते प्रतुद: पारवा, पोपट, साळुंकी. एवढंच सांगून मुलांना गोरेवाड्याला न्या. गट ठरवायचा तर पक्षी खाईपर्यंत थांबावंच लागतं! वंशाचं नातं कळायला आधुनिक वर्गीकरणच हवं, ते शिकवूच. पण नजर आधी अशी तयार होते.

झाडांचं तर मला आणखीच अप्रूप आहे. फुलाशिवाय फळ धरते ती चरकांची ‘वनस्पती’. टीकाकारांनी उदाहरणं दिली ती वड-उंबराची. फुलं असतात, पण आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या पोटात. उंबर फोडला की दिसतात, सोबत बारीक किडेही, जे परागीकरण करतात. आधुनिक वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसनेही १७५३ साली वड, पिंपळ, उंबर ‘फायकस’ या एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) ठेवले. दोन वेगळ्या वाटांनी माणसं एकाच झाडापाशी आली, हे वर्गात सांगताना मला दरवेळी भरून येई.

फळ पिकलं की जी सुकून जाते ती ‘ओषधी’, म्हणजे आपलं धान. माझ्या माहेरी, भंडाऱ्याकडे, धानाचेही हलकं आणि भारी असे प्रकार. हलकं लवकर निघतं, म्हणून उंचावरच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात. भारी उशिरा, म्हणून पाणी धरणाऱ्या खोलगट बांधीत. वाण, दिवस, जमीन, पाणी, सगळं त्या एका शब्दात येतं.

२००२ च्या जैवविविधता कायद्यामुळे गावोगावी लोक जैवविविधता नोंदवह्या झाल्या. राज्य जैवविविधता मंडळाचं मुख्यालय नागपुरातच आहे. त्यांना विनंती की, नोंदवहीत स्थानिक नावाबरोबर गावकरी कोणाला कोणासोबत धरतात आणि का, हेही लिहून घ्यावं. रोवणी करणाऱ्या बायांना धानाचं विचारावं, मासेमारी करणाऱ्या ढिवरांना तलावातल्या माशांचं. आणि हे विचारायला शाळेतली मुलं पाठवावीत.

– एक निवृत्त शिक्षिका, प्रतापनगर, नागपूर