नून रिपोर्टमधलं साडेचार टन तेल

चि. सईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कंपनीच्या सगळ्या जहाजांवर इंधनमापनाची नवी यंत्रणा बसवायचं काम तुझ्याकडे आलंय, हे तू फोनवर सांगितलंस तेव्हा मी नुसतं ‘छान’ म्हणालो. खरं तर एक कबुली द्यायची होती. ती फोनवर देववेना.

चीफ इंजिनिअर म्हणून जितकी वर्षं सेलिंग केलं, तितकी वर्षं रोज दुपारी बाराला नून रिपोर्टसाठी आकडे दिले. चोवीस तासांत किती तेल जाळलं, टाकीत किती उरलं. त्यातला शिलकीचा आकडा बहुतेक वेळा खोटा असायचा. प्रत्यक्षात असेल त्याहून चार-पाच टन कमी दाखवायचो. चोरी नव्हे गं, अडीअडचणीला पोटाशी धरलेली शिल्लक. हवा बिघडली की खप वाढतो, आणि वाढलेला खप कळवला की ऑफिसातून तासाभरात विचारणा येते. म्हणून चांगल्या दिवशी खप थोडा चढवायचा आणि वाईट दिवशी उतरवायचा. आलेख कसा सरळ! ऑफिस खूश, मी निवांत.

तसंही त्या आकड्याचं मूळ म्हणजे साउंडिंग टेप. टोकाचं पितळी वजन पाइपातून तळाला टेकेपर्यंत सोडायचं, वर ओढायचं आणि टेप कुठवर तेलाने माखलीय ते बघायचं. जहाज डोलत असलं की एकाच टाकीची तीन मापं तीन तऱ्हेची. आम्ही मधलं धरायचो.

आता पाइपातून वाहणारं तेल मोजणारा फ्लोमीटर सतत आकडे धाडत राहील. चीफची शिल्लक पहिल्याच आठवड्यात उघडी पडेल. तेव्हा तू काय करशील त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. मागचे हिशेब उकरायला बसलीस, तर पोरं मीटरलाही खोटं बोलायला शिकवतील. मीटरला वळसा घालून तेल सोडणारा बायपास व्हॉल्व्ह कुठे असतो ते त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मी तुझ्या जागी असतो तर मीटर सुरू व्हायच्या आधीच सगळ्या चीफना कळवलं असतं, की आज टाकीत जे आहे ते लिहा, फरकाबद्दल कुणी विचारणार नाही. हा शब्द द्यायची मुभा वरच्यांकडून आधी काढून घे. सॉफ्टवेअर निवडणं त्यापुढे सोपं आहे.

आणखी एक. जहाज पाण्यातून 12 नॉटने चाललंय, समोरून 2 नॉटचा प्रवाह आहे, तर जीपीएस 10 दाखवणार. तेल मात्र 12 नॉटचंच जळणार. हे माहीत नसलेला माणूस ऑफिसात स्क्रीनसमोर बसून ‘खप जास्त का?’ असा मेल ठोकून देतो. तुझ्या टीममध्ये निदान एक तरी समुद्रावरून आलेला माणूस ठेव. तरुण नसला तरी चालेल.

‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’बद्दल तू शिकली असशीलच. 6 मार्च 1987, बेल्जियममधलं झीब्रुग बंदर. गाड्या-माणसं नेणारी ती फेरीबोट पुढचं दार उघडं ठेवूनच निघाली, पाणी आत शिरलं, काही मिनिटांत आडवी झाली. 193 माणसं गेली. दार बंद करायचं ज्याच्याकडे होतं तो केबिनमध्ये झोपला होता, आणि कॅप्टन जिथून जहाज चालवतो त्या ब्रिजवरून ते दार दिसत नव्हतं. दार बंद झालं की नाही हे ब्रिजवर दाखवणारे दिवे बसवा, अशी मागणी त्या कंपनीच्या कॅप्टननी आधीच केली होती. ऑफिसात तिची टिंगल झाली. अपघातानंतर तशाच दुसऱ्या जहाजांवर ते दिवे काही दिवसांत लागले. साधे दिवे गं! त्यासाठी कुठलं नवं तंत्रज्ञान शोधायचं नव्हतं. पुढे जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाचा आंतरराष्ट्रीय आयएसएम कोड आला, 1998 पासून बंधनकारक झाला. जहाजावरच्या माणसाला थेट सर्वोच्च अधिकाऱ्यापर्यंत पोचता यावं म्हणून किनाऱ्यावर एक नेमलेली व्यक्ती त्यात आली. तुझ्या कंपनीत ती कोण आहे ते शोध आणि चहाला बसव.

आणि मीटर लागल्यावर तोच आकडा एक्सेलमध्ये, मेलमध्ये, रजिस्टरात पुन्हा लिहायला लावू नकोस. कायद्याने लागतात त्या नोंदी राहू देत, बाकीचे रकाने बंद कर. बंद करायला कुणी धजत नाही, म्हणून सांगतोय.

शेवटच्या जहाजावर चार्ज देताना बदली चीफला बाजूला घेऊन सांगितलं, ‘दोन नंबर पोर्टमध्ये, डाव्या बाजूच्या टाकीत, साडेचार टन जास्त आहे.’ तो हसला, म्हणाला, ‘एवढंच?’ चार्जच्या कागदावर आम्ही दोघांनी सह्या केल्या. त्यात ते साडेचार टन नव्हते.

तुझा,
बाबा